सिलेंडरचा आरसा

१९७३ साल. मी एकोणीस वर्षांचा होतो. निदान आय तसं सांगायची. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी काय लिहिलं ते बघायला मी कधी गेलो नाही. चौथीनंतर शाळेचं आणि माझं पटलं नाही. पण त्या साली एक काम मला असं येत होतं की उधव्यापासून डहाणूपर्यंत माझ्या वयाच्या कुणाला येत नसेल. ते काम म्हणजे घासलेला सिलेंडर मापायचा आणि परत चालता करायचा. त्याच कामावरून माझं आणि माझ्या बापाचं तुटलं. म्हातारपणी माणूस मऊ पडतो म्हणतात. मला अजून तसं काही झालेलं नाही, म्हणून आता लिहून काढतो, हात चालतोय तोवर.

आमचं घर उधव्याला, आणि घराला चिकटून भाताची गिरणी. कारवीचा कूड, वर कौलं, मध्ये एक दार. त्या दारातून दिवसभर कोंडा घरात यायचा, भाकरीवर बसायचा, आयच्या केसांत बसायचा. गिरणीत एका सिलेंडरचं उभं डिझेल इंजिन होतं, दोन्ही बाजूंना माणसाच्या छातीएवढी चाकं. धुराच्या नळीवर बाबांनी एक डबा पालथा घातला होता. इंजिन चाललं की तो डबा कुक-कुक-कुक असा ओरडायचा आणि लांबच्या पाड्यांवरच्या बायका म्हणायच्या, उधव्याची गिरणी लागली, चला. डबे सगळेच गिरणीवाले लावायचे, पण प्रत्येकाचा आवाज वेगळा. आमचा जरा घोगरा. मी अजून झोपेत ऐकतो तो. आता तिथे विजेवरची चक्की आहे, बटण दाबलं की घरघर सुरू. तिला कोण ओळखणार?

बाबा म्हणजे चकचकीत माणूस. धोतर गुडघ्यापर्यंतच, पण पांढरं. गिरणीत दिवसभर काळं तेल आणि कोंडा, तरी संध्याकाळी अंगण झाडून, पाणी मारून बसणार. त्यांचा एक पितळी तांब्या होता, रुंद तोंडाचा. घरातली बाकी भांडी आय घासायची. तो तांब्या ते स्वतः घासायचे, राखेने, आतून-बाहेरून, रोज. त्यात तोंड बघून मिशीवरून बोट फिरवायचे. तो तांब्या आज माझ्याकडे आहे. बाबा शेवटपर्यंत त्यातूनच पाणी प्यायले. बाहेरून अजून लखलखीत आहे, पण आत बोटं घातली की खरखर लागते. नातसून म्हणते, आजोबा, हा आतून खराब झालाय, मोडीत द्या. मी तिला म्हणतो, पोरी, तो खराब नाय. तो बराबर आहे.

काम मी शिकलो चिंचणीला, भास्करकाकांकडे. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे ते. शेड किनाऱ्यावर, बाहेर काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आत रॉकेल आणि ग्रीस. झोपायचं तिथेच, खायचं काकींच्या हातचं: तांदळाची भाकर आणि सुक्या मासळीची चटणी, कधी आमसुलाचं सार. पहिल्याच आठवड्यात काकांनी एक उघडा सिलेंडर माझ्यापुढे ठेवला.

"काय दिसतं?"

"गोल," मी म्हटलं.

"गोल! गोल देवाने फक्त चंद्र केला, तोही महिन्यातून एकदा. हात घाल आत."

हात घातला. वरच्या तोंडापाशी नखाला एक काठ लागला. पिस्टनच्या रिंगा जिथपर्यंत वर येतात तिथपर्यंत लोखंड झिजलेलं, त्याच्या वरचं झिजलेलं नाही, म्हणून तो काठ. मग काकांनी मापायला शिकवलं. त्यांच्याकडे मोठी साधनं नव्हती. एक जुनी रिंग घ्यायची, सिलेंडरमध्ये सोडायची, पिस्टन उलटा धरून तिला सरळ खाली ढकलायची आणि रिंगेच्या दोन टोकांमधली फट पातळ पात्यांनी मापायची. वर एकदा, मध्ये एकदा, खाली एकदा. फट वर जास्त आणि खाली कमी, म्हणजे सिलेंडर वरून पसरला. मग आतलं माप घ्यायचा कॅलिपर लावून चारी बाजू बघायच्या, कारण पिस्टन सगळीकडे सारखा दाबत नाही, दोन बाजूंना जास्त दाबतो आणि गोलाचं अंडं होतं. फार झिजला तर लेथवर नेऊन बोर, म्हणजे आतलं भोक, वाढवायचा आणि मोठा पिस्टन टाकायचा.

पण खरं काम त्याच्यानंतरचं. लेथवरून आलेल्या सिलेंडरला बारीक दगड रॉकेलमध्ये बुडवून आतून हाताने लावायचा. वर-खाली, आणि वर-खाली करताना गोल फिरवायचा, म्हणजे आत तिरक्या रेघा पडतात, एकमेकींवरून जाणाऱ्या. आमच्याकडे सूप विणतात ना, अगदी तशी वीण. त्या रेघांमध्ये तेल धरून राहतं. नव्या रिंगा त्या रेघांवर घासून घासून आपली जागा धरतात. रेघा नसतील तर रिंग गुळगुळीत लोखंडावर घसरत राहते, कधीच बसत नाही. तेल वर चढतं, जळतं, आणि दाब खाली निसटतो. काका म्हणायचे, "सिलेंडर नवरी नाय सजवायला. त्याला खरखरीतच ठेवायचा." हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे.

त्या साली पावसाळ्याच्या शेवटी आमचं इंजिन थकलं. डब्याचा आवाज पातळ झाला, हँडल मारायला दोघे लागायला लागले, तेल पाण्यासारखं जायला लागलं. दसऱ्यानंतर नवं भात येतं आणि सगळ्या पाड्यांची रांग लागते. तोवर इंजिन उभं राहिलं नाही तर वर्ष गेलं. बाबांनी मला बोलावून घेतलं. अंगणात बसून, तांब्यातून पाणी पिऊन, मिशी पुसून म्हणाले, "रघ्या, हे इंजिन तू उभं कर. नीट चाललं तर दिवाळीपासून गिरणी तुझी. मी नुसता ओट्यावर बसेन."

मला ह्याच्यापेक्षा जास्त काही नको होतं. लोक मुंबईला जायचे, तारापूरकडे जायचे. मला ती गिरणी हवी होती, तो घोगरा डबा हवा होता.

मी इंजिन उघडलं. सिलेंडर काढून ओट्यावर ठेवला आणि रिंग सोडून मापायला बसलो. बाबा कमरेवर हात ठेवून उभे.

"कळलं का काय?"

"वरून पसरलाय. आणि अंडं झालंय."

"अंडं? मग कोंबडी बसव वर."

आय हसली, मीही हसलो. बाबा हसले की घर हसायचं. आमच्यात तोवर वाकडं काही नव्हतं, हेही लिहायला पाहिजे.

डहाणूला लेथवाल्याकडे नेला. बोर वाढवून घेतला, पण शेवटचा केसभर माझ्या दगडासाठी ठेवायला लावला. लेथवाला म्हणाला, मीच करून देतो की. मी म्हटलं, नको. गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणला. कंडक्टरने विचारलं, बाळ आहे का? मग पडवीत बसून दगड लावला. घाई करायची नाही, एक हात जास्त खाली गेला की तिथे पोट येतं. मध्ये मध्ये रिंग सोडून मापायचं, पात्याला सारखं लागेपर्यंत. झाल्यावर गरम पाणी आणि साबण, पांढरं फडकं आतून फिरवायचं, फडकं काळं आलं की परत धुवायचं, ते पांढरं राहीपर्यंत. आयने तिच्या जुन्या लुगड्याची पांढरी पट्टी फाडून दिली. आत डोकावून म्हणाली, "अगो बाई, सुपाची वीण!" मी तिला कधी सांगितलंही नव्हतं. तिला दिसली.

दसऱ्यासाठी माझी ताई दोन दिवस आधीच माहेरी आली. ती झरीला दिलेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिच्याबरोबर तिचे सासरे आले, म्हणजे आमचे व्याही. पोरीचा बाप व्याह्यापुढे कसा असतो ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. बाबांनी कोंबडी कापली, उडदाचे वडे करवले, आणि स्वतः पाट मांडला. जेवण झाल्यावर व्याही गिरणीत फिरायला गेले. सिलेंडर तेल लावून, फडकं घालून ठेवला होता. त्यांनी फडकं उचललं आणि आत बघितलं.

"व्याहीबुवा, पोराने आत मांजर सोडलं होतं काय? सगळे ओरखडेच ओरखडे!"

सगळे हसले. मी म्हटलं, ते ओरखडे नाहीत, ती वीण आहे, तेलासाठी. व्याही म्हणाले, "हां हां. आणि आमच्या शेतात दगड आहेत ते पाण्यासाठी." परत हसले. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी बघितले. त्या संध्याकाळी त्यांनी तांब्या घासला, तो नेहमीपेक्षा जास्त वेळ.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडतात: कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि गिरणीवाल्यांकडे इंजिनाचे भाग. हळद-कुंकू वाहायचं, गोंड्याची, म्हणजे झेंडूची, फुलं घालायची, आणि मग त्या दिवशी एकाही हत्याराला हात लावायचा नाही. हत्यारांची सुट्टी. दसऱ्याच्या सकाळी मुहूर्तावर परत उचलायची. मी फुलं आणि तोरणाला आंब्याचे टाळे आणायला ओढ्याकडे गेलो होतो. परत आलो तर पूजा मांडून झाली होती, व्याही पाटापाशी बसलेले, आणि मधोमध माझा सिलेंडर, गळ्यात गोंड्याची माळ. मी वाकून आत बघितलं. आत माझं तोंड दिसलं.

"रेघा कुठे गेल्या?" मी विचारलं.

"घाण होती ती काढली," बाबा म्हणाले. त्यांची बोटं करडी झाली होती. पहाटे उठून आधी पॉलिश पेपर, मग राख आणि नारळाचा काथ्या, बसून घासत होते. आय चुलीपाशी होती, तिने बघितलेलं.

"बाबा, असं चालत नाही. रिंगा बसणार नाहीत. मला दुपारपर्यंत द्या, परत घालतो."

"आज? पूजेतल्या वस्तूवर दगड लावतोस?"

"मग उद्या द्या. परवा बसवू."

"दसऱ्याला गिरणी लागली नाय तर गावाला काय सांगू? माझ्या पोराला रेघोट्या मारायच्यात म्हणून?"

व्याही सिलेंडरमध्ये बघून मान डोलावत होते. "आता कसं! ह्याच्यात बघून भांग पाडावा." आणि बाबांचा चेहरा फुलला. त्या फुललेल्या चेहऱ्यापुढे मी काय बोलणार होतो? तरी बोललो, आणखी दोनदा. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "तुझ्या बापाने इंजिन विकत आणलं तेव्हा तू पाळण्यात होतास."

दसऱ्याच्या सकाळी मीच बसवलं. दुसऱ्याच्या हाती दिलं असतं तर रिंगाच मोडल्या असत्या. पहिल्या हँडलला लागलं. डबा ओरडला, बाबांनी सगळ्यांना आपट्याची पानं वाटली, व्याह्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नळीतून निळा धूर निघत होता. मी बोट दाखवलं. बाबा म्हणाले, "नव्या इंजिनाला येतो धूर."

तो धूर गेलाच नाही. नवं भात आलं, पाडे उतरले, दाराबाहेर गोण्यांची रांग लागली, आणि इंजिन रोज तेल मागायला लागलं. गिरणीत निळं धुकं, बायका पदर तोंडाला लावून उभ्या. मी सांगत राहिलो, एक दिवस बंद ठेवा, रेघा घालू. बाबा म्हणत, सुगीत गिरणी बंद ठेवतात का? मग एका दुपारी इंजिन भरल्या रांगेपुढे दम सोडून उभं राहिलं. हँडल मारलं तर नुसतं फस्स. दाबच नाही. एका म्हातारीने गोणीवर बसून सुनावलं, "पोऱ्या चिंचणीला मासे सुकवायला शिकला, इंजिन नाय." लोक हसले. बाबांनी ऐकलं आणि इंजिनाकडे वळले. चकचकीत केलं म्हणून बिघडलं, हे सांगणाऱ्याला शहाणा कोण म्हणेल? ज्या दोघा-तिघांना सांगितलं त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मला ताप आलाय.

व्याह्यांनी संजाणहून त्यांच्या ओळखीचा मिस्त्री आणला. जीवणभाई. जाडा माणूस, कानावर पेन्सिल, अर्धं गुजराती अर्धं मराठी बोलणारा. इंजिन उघडलं तेव्हा निम्मं गाव ओट्यावर होतं. व्याही खुर्चीवर. बाबा खांबाला टेकून. आय दारात सूप घेऊन बसलेली. जीवणभाईने सिलेंडर वर काढला, आत बॅटरी मारली आणि ओरडला, "आ तो अरीसो थई गयो! आरसा केला रे ह्याचा. रेघा कुठं? रेघा नाय तर रिंग बसणार कशी, तेल राहणार कशात? कोण गाढवाने घासला हा?"

खरं सांगतो, मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नसेल. लग्नात नाही, पोरगा झाला तेव्हाही नाही. परका माणूस, भर गावापुढे, माझंच वाक्य बोलत होता. मी बाबांकडे बघितलं. व्याह्यांनीही बघितलं. बाबा खांबापासून सुटे झाले, धोतर झटकलं, आणि म्हणाले,

"पोरगा आहे. हौस होती त्याला. चकचकीत पाहिजे म्हणाला."

व्याह्यांना माहीत होतं. ह्याच्यात बघून भांग पाडावा, असं तेच तर म्हणाले होते. ते खुर्चीवर जरा हलले आणि छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, "बाबा?" तेवढंच. ते म्हणाले, "काय बाबा? झालं ते झालं." मी आयकडे वळलो. ती सूप पाखडत होती. सुपात काही नव्हतं.

जीवणभाई माणूस वाईट नव्हता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाई, सिलेंडर आहे हा, थाळी नाय. ये संजाणला. रेघा कशा घालायच्या मी शिकवतो तुला." लोक परत हसले. सिलेंडर त्याने स्वतःबरोबर नेला.

मी का बोललो नाही, असं पुढे बायकोने विचारलं, पोरांनी विचारलं. ताई व्याह्यांच्या घरात नांदत होती, हे एक खरं. पण सगळं खरं ते नाही. मला बघायचं होतं, बाप स्वतः बोलतो का. गावापुढे नाही, व्याह्यापुढे नाही, पण घरात, चुलीपाशी, आम्ही तिघंच असताना. तेवढं पुरलं असतं. एक शब्दही नको होता. भाकरी पुढे सरकवली असती तरी मी समजलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच इंजिनावर हँडल मारायला उभा राहिलो असतो.

संध्याकाळी जेवायला बसलो. नागलीची भाकर, वालाची आमटी. व्याही मिस्त्रीबरोबरच गेले होते, परकं कोणी नव्हतं. डबा बंद, म्हणून घर इतकं शांत की भाकर मोडल्याचा आवाज यायचा. बाबा जेवले, तांब्यातून पाणी प्याले, मिशी पुसली. मी थांबलो होतो. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या जा संजाणला. नीट शीक. परत असं करू नको."

आयच्या हातातला डाव थांबला. तेवढाच. मग तिने आमटी वाढली.

लोक मला सांगतात, अरे, बाप इभ्रतीसाठी एक खोटं बोलला, त्याचं काय एवढं. गावापुढचं खोटं मी कधीच गिळलं असतं. चुलीपुढचं नाही गिळता आलं. त्या माणसाने ते स्वतःलाही पटवून टाकलं होतं, आणि त्याच्या पटण्यात माझी जागा गाढवाची होती. पुढे त्या गिरणीत मी कधी पाऊल ठेवलं नाही. ती कोणी चालवली, कधी बंद पडली, हे लोकांकडून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठायच्या आत मी उठलो. पिशवी भरली: कपडे, पाती, जुनी रिंग. दगड बाहेर ठेवला. तांब्या चुलीमागे पालथा होता, आदल्या संध्याकाळी घासलेला. तो घेऊन पडवीत बसलो, दगड रॉकेलमध्ये बुडवला आणि आत लावला. वर-खाली, आणि वर-खाली करताना गोल, जसा भास्करकाकांनी शिकवला तसा. घाई केली नाही. तळापासून काठापर्यंत वीण घातली, एकसारखी, कुठे पोट नाही, कुठे रेघ चुकलेली नाही. तेवढं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं. आय चुलीपासून उठून आली. आत बघितलं. गरम पाणी आणून ओतलं आणि लुगड्याची ती पांढरी पट्टी माझ्या हातात दिली. साबण लावून धुतला, पट्टी फिरवली, परत धुतला, पट्टी पांढरी राहीपर्यंत. मग तांब्या पाण्याने भरला, बाबांच्या जागेवर ठेवला, आणि तलासरीची पहिली एसटी धरली.